उपनगरात एकटे राहताय? शेजार जोडण्यासाठी काय करावे, काय टाळावे

"दोन वर्षं झाली इथे राहायला येऊन, पण समोरच्यांचं नाव अजून माहीत नाही." बदलापूरला, विरारला, घोडबंदर रोडवर, कुठेही विचारा, हे वाक्य ऐकायला मिळतं. घरात चार माणसं असली की त्याचं फारसं काही वाटत नाही. एकट्या माणसाला मात्र ते रविवारी दुपारी जाणवतं, ताप आल्यावर जाणवतं आणि कुरियरवाला फोनवर "शेजारी कोणाकडे ठेवू?" असं विचारतो तेव्हा तर फारच जाणवतं.

यादीकडे वळण्याआधी एक गोष्ट मनाशी ठरवून घ्या. आपल्याला मित्र हवेत की शेजार? मित्र दादरला, पुण्याला किंवा टोरांटोला असले तरी चालतात. शेजाऱ्याकडून मागणं त्याहून फार छोटं असतं. त्याने आपल्याला नावाने ओळखावं, दोन दिवस दिसलो नाही तर त्याच्या लक्षात यावं आणि रात्री बारा वाजता बेल वाजवली तर त्याने दार उघडावं. आवडीनिवडी, राजकारण, खाणंपिणं जुळायची गरज नाही. बरेच लोक इथेच फसतात. समोरच्या घरात जिवलग शोधायला जातात, तो सापडत नाही, मग शेजाराचाही नाद सोडतात.

काय करावे

ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी दिसा. लिऑन फेस्टिंजर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत पाहणी केली आणि ती १९५० मध्ये पुस्तकरूपाने छापली. कोणाची कोणाशी मैत्री जुळली हे स्वभावापेक्षा दारं कुठे आहेत यावर जास्त ठरत होतं. लागून असलेल्या घरांतल्या ४१ टक्के लोकांनी एकमेकांना जवळचे म्हटलं, तर त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं. जिन्याच्या पायथ्याशी आणि टपालपेट्यांजवळ ज्यांची घरं होती त्यांच्या ओळखी वरच्या मजल्यापर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी वेगळं काही केलं नव्हतं. लोक त्यांच्या दारावरून ये-जा करत होते, एवढंच.

गिरगाव-लालबागच्या चाळीत हे काम सामाईक गॅलरी आणि नळ करत असे. टॉवरमध्ये गाडी पोडियमवर, पोडियमवरून लिफ्ट, लिफ्टमधून थेट दारात. मध्ये कोणी भेटावं अशी जागाच नाही. म्हणून ती आपण तयार करायची. संध्याकाळी साडेसातला गेटजवळच्या बाकावर वीस मिनिटं बसा किंवा सकाळी दूध आणायला खाली उतरा. वेळ बदलू नका, कारण सगळी गंमत वेळेतच आहे. आज सातला, उद्या साडेनऊला गेलात तर रोज नवे चेहरे दिसतील आणि ओळख कोणाशीच होणार नाही. सुरुवातीला नुसती नजरानजर होते, पुढे मान हलते, आणि मग कधीतरी कोणीतरी पाण्याच्या टँकरबद्दल काहीतरी बोलतं. उपनगरात संभाषण टँकरपासून सुरू झालं तर ते चांगलं चाललंय असं समजावं.

नावं पाठ करा. समोरचे, वरचे, खालचे आणि दोन्ही पाळ्यांचे वॉचमन. रात्रपाळीचा वॉचमन बहुधा घरदार उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये किंवा नेपाळमध्ये ठेवून आलेला असतो. इमारतीत तुमच्याइतका एकटा दुसरा कोणी असेल तर तो. त्याला नावाने हाक मारा.

काहीतरी मागा. हे सगळ्यात अवघड वाटतं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. आपल्याला वाटतं, नवीन माणसाने आधी काहीतरी द्यावं. म्हणून लोक मिठाईचा पुडा घेऊन जातात. समोरचे अवघडतात, "कशाला, कशाला" म्हणतात, पुडा घेतात आणि दार बंद होतं. आता त्यांच्यावर परतफेडीचं ओझं आलेलं असतं. त्याउलट विरजण मागा. कढीपत्त्याच्या चार काड्या मागा, स्टूल मागा, ड्रिल मशीन मागा, गॅसचा नंबर कोणाकडे लावायचा ते विचारा. मागणारा माणूस निरुपद्रवी वाटतो. देणाऱ्याला आपण कामाचे आहोत असं वाटतं, आणि पुढच्या वेळी त्याला काही लागलं तर तुमच्याकडे यायला संकोच राहत नाही.

विरजण त्यातही उत्तम. त्याची किंमत शून्य, ते रात्रीच लागतं, आणि दुसऱ्या दिवशी "लागलं का दही?" हा प्रश्न आपोआप येतो. दही बाजारातून आणता येतं हे तुम्हालाही माहीत असतं आणि त्यांनाही. तरी मागावं.

मागताना वस्तू छोटी असावी आणि परत देण्याची वेळ ठरलेली असावी. पैसे, गाडी आणि चार्जर या तीन गोष्टी मागू नयेत. चार्जर परत येत नाही.

भांडं रिकामं परत करू नका. आपल्याकडची ही जुनी रीत फार शहाणपणाची आहे. डब्यात काही घालून दिलं की हिशेब कधीच पूर्ण होत नाही, आणि तो अपुरा राहण्यातच शेजार टिकतो. एकटा राहणारा माणूस म्हणतो, "मी स्वयंपाक करत नाही, मी काय घालून देऊ?" दोन केळी घाला. गावाहून आलेल्या कोकमातलं मूठभर घाला, तेही नसेल तर खडीसाखर. समोरचे शाकाहारी आहेत का, जैन आहेत का, एवढी चौकशी मात्र आधी करा. कांदा-लसणाचं पथ्य असलेल्या घरात सुक्या जवळ्याची चटणी पोचली तर पुढची दोन वर्षं डबा येणार नाही.

सणात वर्गणीसोबत हातही द्या, आणि काम नीट निवडा. सार्वजनिक गणेशोत्सवाचं मुंबईतलं पहिलं मंडळ १८९३ मध्ये गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत उभं राहिलं. आज उपनगरातल्या प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याची छोटी आवृत्ती असते. २६ जानेवारीचा सत्यनारायण, कोजागिरीचं मसाला दूध, नवरात्रातला भोंडला हेही असतं. एकटी राहणारी माणसं वर्गणी देतात, आरतीला मागे उभी राहतात आणि प्रसाद घेऊन वर जातात. कोणाशी बोलणं होत नाही, कारण उत्सवात काम नसलेल्या माणसाशी बोलायला कोणाला वेळ नसतो.

म्हणून काम मागून घ्या. मंडप, लाइट आणि ध्वनिक्षेपक ही कामं बहुधा वाटली गेलेली असतात आणि त्यांत मानापमानही असतो. तुम्ही प्रसाद वाटायचं काम घ्या. जे खाली उतरू शकले नाहीत त्यांच्याकडे शिरा पोचवायला कोणी तयार नसतं, त्यामुळे हे काम लगेच मिळतं. आणि त्याइतकं चांगलं काम दुसरं नाही. एरवी सेफ्टी डोअरच्या जाळीतून बोलणारा माणूस प्रसादाला जाळी उघडतो. कोणत्या घरात आजी अंथरुणाला खिळलेल्या आहेत, कोणाकडे नवीन बाळ आहे, कोण तुमच्यासारखंच एकटं राहतं, हे एका संध्याकाळी कळतं. त्याखालोखाल वर्गणीचं पावतीपुस्तक. त्यात दारं तितकीच उघडतात, पण चेहरे तितकेसे हसरे नसतात.

देवाधर्मात मन रमत नसेल तर प्रसाद सोडा. दिवाळीत मुलांच्या किल्ल्याला माती आणून द्या, पाण्याच्या टाक्या धुताना उभे राहा, झाडांना पाणी घाला. इमारतीत ओणम, छठ, ईद, अय्यप्पा पूजा असं काही साजरं होत असेल तर तिथेही जा. आपल्याला बोलावलंय का, असा विचार करत बसू नका. बहुतेक वेळा सगळ्यांनाच बोलावलेलं असतं.

वार्षिक सभेला बसा. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी लागते. बोर्डावर बघत राहा. घर तुमच्या नावावर असेल तर जाच. सभेत काय ठरतं याला फारसं महत्त्व नाही. बऱ्याचदा काहीच ठरत नाही. पण कोण तावातावाने बोलतो, कोण मागे बसून हसतो, कोणाला हिशेब कळतो, हे दोन तासांत दिसतं. नंतर वडा, वेफर आणि चहा असतो, तिथे थांबा. मागे बसून हसणाऱ्या माणसाशी बोलायला सुरुवात करा.

इमारतीच्या बाहेरची ओळखही शेजारातच धरा. इस्त्रीवाला, नाक्यावरचा किराणा, पोळीभाजी केंद्रातल्या काकू, रिक्षा स्टँडवरचा नेहमीचा रिक्षावाला. गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ मध्ये अशा वरवरच्या ओळखींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज किती लोकांशी बोलणं झालं हे विद्यार्थ्यांनी मोजायचं होतं. ज्या दिवशी तोंडओळखीच्या वर्गमित्रांशी जास्त बोलणं झालं त्या दिवशी त्यांना जास्त बरं वाटलं, आपण इथले आहोत असंही वाटलं. आपल्याकडे "काय, आज उशीर?" या तीन शब्दांत हे काम होतं. सगळा किराणा अ‍ॅपवरून दहा मिनिटांत येत असेल तर निदान आठवड्यातून एकदा पिशवी घेऊन दुकानात जा.

जुन्या उपनगरांत बसायला फुकटच्या आणि चांगल्या जागाही आहेत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधलं. रोज पेपर वाचायला येणारी मंडळी तिथे ठरलेली असतात आणि त्यांच्या खुर्च्याही. फक्त त्यांच्या खुर्चीत बसू नका.

लोकलच्या ग्रुपमधली आपल्याच स्टेशनवर उतरणारी माणसं हेरा. कर्जत-कसारा-विरार लाइनच्या माणसाचा खरा शेजार बऱ्याचदा लोकलच्या डब्यात असतो. तिथे भजनं होतात, दसऱ्याला डबा सजतो, बायकांच्या डब्यात हळदीकुंकू होतं. घरून काम सुरू झालं किंवा माणूस निवृत्त झाला की एका फटक्यात हा शेजार नाहीसा होतो, आणि मग लक्षात येतं की राहत्या जागी आपलं कोणीच नाही. गाडी सुटण्याआधीच बघून ठेवा, आपल्या ग्रुपमधलं कोण आपल्याच स्टेशनवर उतरतं, कोणाची शेअर रिक्षा आपल्याच बाजूला जाते. ते शेजारी आयते मिळालेले आहेत.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दार वाजवा. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेत सातशेहून जास्त माणसं गेली. त्यांत एकटी राहणारी वृद्ध माणसं पुष्कळ होती. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी २००२ च्या 'हीट वेव्ह' या पुस्तकात दोन लागून असलेल्या वस्त्यांची तुलना केली आहे. गरिबी सारखी, एकटे राहणारे म्हातारेही दोन्हीकडे भरपूर; तरी एकीकडे मृत्यूचं प्रमाण दुसरीपेक्षा कितीतरी जास्त. जिथे कमी माणसं गेली तिथे रस्ते गजबजलेले होते, दुकानं चालू होती, म्हातारी माणसं रोज खाली उतरत होती. दुसरीकडे दुकानं गेलेली, रस्ते ओस, माणसं दारं लावून बसलेली.

कल्याण-बदलापूरच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उल्हास नदीने कल्याण-बदलापूरमध्ये घरं बुडवली. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली, तेव्हा सरकारी पथकांबरोबर आसपासच्या गावांतली माणसंही मदतीला धावली. अशा वेळी पहिला हात जवळच्याचाच पोचतो. तुम्ही एकटे आहात म्हणून कोणी तुमच्याकडे यावं अशी वाट बघू नका. वरच्या मजल्यावरच्या आजोबांकडे पाणी आहे का, ते तुम्हीच विचारून या.

काय टाळावे

पहिली भेट तक्रारीची नको. वरच्या बाथरूममधून गळती, रात्रीचा टीव्ही, दारातली चपलांची रांग. यांतलं काहीही खरं असेल, पण ओळखच तिथून सुरू झाली तर पुढची दहा वर्षं तुम्ही "ते गळतीवाले" असता. तक्रार अटळ असेल तर अर्ज देण्याआधी प्रत्यक्ष जा. सुट्टीच्या दिवशी सकाळी अकरा ही बरी वेळ. त्यांना खाली बोलावून छत दाखवा. ओल बघितल्यावर माणूस मवाळ होतो; लेखी नोटीस बघितल्यावर वकील शोधतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला शेजार समजू नका. 'बी विंग ऑफिशियल' या ग्रुपमध्ये दीडशे माणसं असतात आणि त्यातली आठ बोलतात. त्या आठांत दोघांचं पार्किंगवरून वाजलेलं असतं. तिथे रोज सुप्रभात टाकून ओळख होत नाही. रात्री अकरानंतर तिथे काहीही लिहू नये, भटक्या कुत्र्यांबद्दल तर दिवसाही लिहू नये. ग्रुपचा उपयोग एकच: प्लंबर, इलेक्ट्रिशियन, डॉक्टर कोण चांगला ते विचारायचं, आणि ज्याने नंबर दिला त्याला लिफ्टमध्ये भेटल्यावर "तुमचा माणूस चांगला निघाला हं" असं तोंडाने सांगायचं. आपण प्रवासाला जातोय, घर बंद आहे, हे ग्रुपवर कधीही लिहू नका.

लिफ्टमध्ये कानात काही घालू नका. मोबाइलही खिशात ठेवा. चाळीस सेकंदांचा प्रश्न आहे.

बंद दाराचा अर्थ लावत बसू नका. समोरचे शिष्ट आहेत असं ठरवण्याआधी ते किती वाजता घरी येतात ते बघा. सकाळी सहा पन्नासची लोकल पकडणारा आणि रात्री नऊनंतर घरी पोचणारा माणूस दार लावतो ते दमून. त्याला शनिवारी भेटा.

पहिल्याच दिवशी सगळी कहाणी सांगू नका. "एकटेच राहता? लग्न? मुलं कुठे असतात?" हे प्रश्न येणारच. त्यांत दुष्टपणा क्वचित असतो. आपल्याकडे ओळख करून घ्यायची पद्धतच तशी आहे. घटस्फोट, आजारपण, भावाशी झालेला वाद यांतलं जे सांगायचं नसेल त्यासाठी एक सरळ वाक्य तयार ठेवा. "हो, सध्या मी एकटीच, आई अधूनमधून येते," आणि लगेच उलट प्रश्न: "तुम्ही मूळचे कुठले?" गावाचं नाव विचारलं की मराठी माणूस पुढची पंधरा मिनिटं स्वतःच बोलतो.

फुकटचे उपलब्ध होऊ नका. एकट्या माणसाला वेळच वेळ असतो असा सर्वत्र समज आहे. "मुलांची गणितं घ्या, पार्सलं घ्या, गावाला गेलो की मांजर सांभाळा." सुरुवातीला आपण आनंदाने होकार देतो, नंतर कुढत करतो, शेवटी फोन उचलत नाही. आधीच मर्यादा सांगा. "बुधवारी जमेल, रोज नाही" असं म्हटल्याने कोणी तुटत नाही.

पहिल्या वर्षात कमिटीत जाऊ नका. सेक्रेटरीपद नेहमी रिकामं असतं, आणि ते रिकामं का असतं याला कारण आहे.

चाळीच्या आठवणी काढून उसासे टाकू नका. हे मी जरा जोर देऊन सांगेन. "चाळीत दारं उघडी असायची" हे खरं, पण दहा बाय सोळाच्या खोलीत आठ माणसं असल्यावर दार लावणार कसं? संडास सामाईक, नळावर भांडणं, आणि कोणाची मुलगी किती वाजता घरी आली याची नोंद अख्ख्या मजल्याकडे. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळहून डोंबिवली-कल्याणकडे आलेल्या अनेक घरांना जागेबरोबर लावता येणारं दारही हवंच होतं. ते मिळालं हे चांगलं झालं. एकट्या राहणाऱ्या बाईला तर त्या गॅलरीने जगू दिलं नसतं. तेव्हा चाळ परत आणायचा प्रयत्न नको. जे दार आपण हौसेने लावून घेतलं, ते अधूनमधून आपणच उघडायचं आहे.

काही वेगळ्या परिस्थिती

भाड्याने राहत असाल तर अकरा महिन्यांच्या कराराचं मन करून घेऊ नका. "वर्षभरात जायचंच आहे, कशाला ओळखी?" या विचाराने माणूस पाच घरं बदलतो आणि पाचही इमारतींत परका राहतो. भाडेकरूला सभेत मत नसतं, हे खरं. पण प्रसाद वाटायला, बाकावर बसायला आणि विरजण मागायला सभासदत्व लागत नाही. घर भाड्याने दिल्याबद्दलच्या बिनभोगवटा शुल्कावरून कोणी टोमणे मारले तर लक्ष देऊ नका. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि सोसायटी ते घरमालकाकडून वसूल करते. त्याच्याशी तुमची शेजारधर्माची बाजू जोडलेली नाही. पोलिसांकडे भाडेकरूची नोंद झालेली असू द्या आणि तसं सेक्रेटरीला स्वतःहून सांगा. एकट्या तरुण मुलाबद्दलची निम्मी कुजबुज तिथेच थांबते.

बाई एकटी राहत असेल तर ओळखीची सुरुवात घरातल्या बायकांपासून किंवा ज्येष्ठ जोडप्यापासून करावी. वॉचमनला नाव सांगावं, वेळापत्रक सांगू नये. कोणी "काही लागलं तर रात्री-अपरात्री सांगा" असं फार वेळा म्हणू लागला तर त्याच्या बायकोचा नंबर मागून घ्यावा. माणूस चांगला असेल तर तो आनंदाने देतो.

साठी उलटली असेल तर जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ शोधा. राज्यभरातले असे संघ 'फेस्कॉम' या महासंघाशी जोडलेले आहेत आणि मोठ्या उपनगरांत तर भागाभागांत संघ आहेत. सहली आणि वाढदिवस हे निमित्त. खरा फायदा असा की आठवड्याच्या बैठकीला गैरहजर राहिलात तर कोणीतरी फोन करतं. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. आणि वय कितीही असो, एकटेपणा आठवडेच्या आठवडे उतरत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर तो शेजाऱ्याने सुटणारा प्रश्न राहिलेला नाही. १४४१६ वर 'टेलिमानस' ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, ती फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. हे आकडे फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावा, कारण चक्कर आल्यावर मोबाइलमध्ये शोधता येत नाहीत.

आणि चावी

यादी लांबली. यातलं एकच काही करायचं असेल तर घराची दुसरी चावी करून कोणाकडे तरी ठेवा. वाऱ्याने दार ओढलं जाऊन लॅच लागतं तेव्हा ती लागते, गॅस चालू राहिल्याची शंका गाडीत बसल्यावर येते तेव्हा लागते, आणि कधीतरी बाथरूममध्ये पाय घसरतो तेव्हा तर फारच लागते. शेजारी अजून तेवढे ओळखीचे नसतील तर चावी त्याच उपनगरात राहणाऱ्या सहकाऱ्याकडे ठेवा, पण ती पुण्याच्या बहिणीकडे असून उपयोग नाही. दिवसा आतून कडी घालू नका, नाहीतर बाहेरच्या चावीने काही होत नाही. बाथरूमची कडी तर एकट्या माणसाने लावूच नये. चावी देताना एवढंच सांगा, की दोन दिवस दिसलो नाही आणि फोन उचलला नाही तर दार उघडून बघा. हे वाक्य एखाद्याला सांगायला जीभ अडखळते, हे मान्य. तरी सांगा. चावीवाला स्टेशनबाहेरच बसतो आणि दहा मिनिटांत चावी करून देतो. ती कोणाकडे ठेवायची हे सुचत नसेल, तर तो माणूस शोधणं हे या महिन्याचं पहिलं काम समजा.